क्लाउडवरची मशीन स्क्रिप्टने बंद-चालू करून बिल कसं उतरवायचं

विचारणा अशी आहे: रत्नागिरीतली छोटी सॉफ्टवेअर कंपनी. हापूसच्या पेट्या थेट विकणाऱ्या बागायतदारांच्या वेबसाइट आणि गुहागर, मालवणकडच्या होमस्टेंचं बुकिंग सांभाळते. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरच्या गटात) दहा-बारा मशीन, म्हणजे भाड्याचे आभासी सर्व्हर, बहुतेक टेस्टिंगची. दोन-तीन मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर. संध्याकाळी कुणीतरी आठवणीने मशीन बंद करतं, तरी बिल म्हणावं तसं खाली येत नाही. कमांड लाइनच्या (टाइप केलेल्या आज्ञांच्या) स्क्रिप्टने हे काम कसं लावायचं?

लावता येतं, आणि चांगलं लागतं. पण स्क्रिप्ट लिहायला बसण्याआधी पैसा नेमका कुठे जातोय ते बघा. एडब्ल्यूएसच्या कमांड लाइनमध्ये 'सीई गेट-कॉस्ट-अँड-युसेज' ही कमांड आहे. ती 'युसेज टाइप'नुसार गट करून चालवा. (कमांड इथे उच्चारानुसार लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं.) शेवटची तारीख ती धरत नाही, त्यामुळे पूर्ण जून हवा असेल तर १ जून ते १ जुलै असं द्या. या कमांडच्या प्रत्येक विनंतीला ०.०१ डॉलर लागतो, म्हणून ती दर पाच मिनिटांनी फिरणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घालू नका. आलेल्या यादीत 'बॉक्सयुसेज' म्हणजे मशीन चालल्याचे तास, 'ईबीएस' असलेल्या ओळी म्हणजे डिस्क आणि स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत), 'पब्लिक आयपीव्ही४' म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते. मशीन रोज बंद होत असूनही बिल हलत नसेल, तर बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचा वाटा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो.

'बंद' म्हणजे प्रत्येक कंपनीकडे वेगळी गोष्ट, आणि तुमच्या अझूरच्या मशीनचं उत्तर बहुधा इथेच आहे. अझूरवर विंडोज किंवा लिनक्सच्या आतून शटडाउन केलं, किंवा 'एझेड व्हीएम स्टॉप' चालवलं, तर मशीन थांबतं पण त्याची जागा तुमच्या नावावर राखलेली राहते आणि तासाचं भाडं चालूच राहतं. भाडं थांबवायला 'एझेड व्हीएम डीअ‍ॅलोकेट' लागतं. 'एझेड व्हीएम लिस्ट' तपशिलाच्या पर्यायासह चालवा आणि पॉवर स्टेट बघा. तिथे 'व्हीएम डीअ‍ॅलोकेटेड'ऐवजी नुसतं 'व्हीएम स्टॉप्ड' दिसलं तर ते मशीन आत्ता पैसे खातंय. डीअ‍ॅलोकेट केल्यावर तात्पुरत्या डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा तिथे पेजफाइलशिवाय काही ठेवलेलं नाही ना, एवढं पाहून घ्या.

ईसी२ मध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या मशीनच्या सेवेत, 'स्टॉप-इन्स्टन्सेस' केलं की मशीनचं भाडं थांबतं, मग ते आतून थांबवा की बाहेरून. फक्त आतून थांबवताना एक धोका आहे. मशीन तयार करताना 'शटडाउन बिहेवियर' टर्मिनेट ठेवलेलं असेल, तर आतून दिलेला साधा शटडाउन ते मशीन कायमचं पुसून टाकतो. टर्मिनेशन प्रोटेक्शन लावलेलं असलं तरी ते इथे वाचवत नाही. म्हणून स्क्रिप्ट लावण्यापूर्वी सगळ्या मशीनचं हे एक अ‍ॅट्रिब्यूट तपासा. आणखी एक: लाइटसेल (एडब्ल्यूएसचीच सोपी सेवा) आणि डिजिटलओशन (दुसरी क्लाउड कंपनी) यांच्यावर थांबवलेल्या मशीनचंही पूर्ण भाडं लागतं. तिथे रात्री बंद करून काही वाचत नाही. स्नॅपशॉट काढून मशीन नष्ट करणं एवढाच मार्ग. छोट्या ग्राहकांची कामं सोपं म्हणून तिथे टाकलेली असतात, त्यामुळे ही गोष्ट माहीत असलेली बरी.

मशीन थांबलं तरी डिस्कचं भाडं कुठेच थांबत नाही. एडब्ल्यूएसवर पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर लागतो, वापरात असो वा नुसता पडून. महिन्याचे ७३० तास धरले तर एका पत्त्याचे ३.६५ डॉलर. दहा पत्ते असतील तर तेवढ्यात एखादं छोटं मशीन चालतं. थांबवलेल्या मशीनचा साधा पब्लिक पत्ता आपोआप सुटतो, इलॅस्टिक आयपी (तुमच्या नावावर राखून घेतलेला पत्ता) सुटत नाही. टेस्टिंगच्या मशीनना इलॅस्टिक आयपी देऊच नका. तिथे शिरायला सेशन मॅनेजर (मशीनमध्ये शिरण्याची एडब्ल्यूएसची सोय) पुरतो.

डिस्कचं पहिलं काम म्हणजे बेवारस डिस्क शोधणं. 'डिस्क्राइब-व्हॉल्यूम्स'ला स्टेटस 'अव्हेलेबल' असा फिल्टर लावला की कुठल्याच मशीनला न जोडलेल्या डिस्क दिसतात. त्या साठतात कशा? मशीन टर्मिनेट केल्यावर मूळ डिस्क सहसा आपोआप जाते, मागाहून जोडलेली मागे राहते. अझूरवर मशीन पुसताना तसा पर्याय निवडलेला नसेल तर डिस्क, नेटवर्क कार्ड आणि आयपी तिन्ही मागे राहतात. तिथे 'एझेड डिस्क लिस्ट'मध्ये 'मॅनेज्ड बाय' रिकामं असलेल्या डिस्क पाहा. सापडलेली डिस्क लगेच उडवू नका. स्नॅपशॉट घ्या, टॅगवर (चिकटवलेल्या चिठ्ठीवर) तारीख लिहा, महिनाभर थांबा, मग डिस्क काढा.

दुसरं काम एडब्ल्यूएसवरच्या जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्क नव्या जीपी३ करणं. साठवणीचा दर साधारण २० टक्के कमी पडतो, वर आकार कितीही असला तरी ३००० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखनाच्या फेऱ्या) आणि सेकंदाला १२५ एमबी मिळतात. 'मॉडिफाय-व्हॉल्यूम' ही कमांड चालू मशीनवरही चालते. मोठ्या जीपी२ डिस्कला याहून जास्त आयओपीएस मिळत असतील तर तेवढे जीपी३ वर वेगळे मागून घ्यावे लागतात, ते पाहूनच बदला. आणि डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. 'असू दे' म्हणून ५०० जीबी घेतली असेल तर नवी डिस्क घेऊन डेटा हलवावा लागतो.

हे सगळं फक्त मुंबई रीजनमध्ये करून थांबू नका. कमांड लाइन एका वेळी एकच रीजन बघते. शिकताना उत्तर व्हर्जिनियात उघडलेलं मशीन वर्षानुवर्षं तिथे राहू शकतं. 'डिस्क्राइब-रीजन्स'ने यादी काढा आणि प्रत्येक रीजनवर तीच तपासणी फिरवा.

आता वेळापत्रक. आठवड्याचे तास १६८. सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते रात्री ८ मशीन हवं असेल तर ६६ तास. म्हणजे मशीनच्या भाड्यातले सुमारे ६१ टक्के वाचतात. दुसरा कुठलाही एकच उपाय एवढ्या कमी कष्टात एवढं देत नाही.

स्क्रिप्टमध्ये मशीनचे आयडी लिहून ठेवू नका. प्रत्येक मशीनला 'शेड्यूल' नावाचा टॅग द्या, त्यातलं मूल्य 'ऑफिस', आणि स्क्रिप्टने तो टॅग वाचावा. टॅग नाही तर हात लावायचा नाही, हा नियम पक्का. उलटा नियम (सगळी बंद करा, अमुक सोडून) केला की एक दिवस ग्राहकाची चालू वेबसाइट बंद होते. एडब्ल्यूएसवर टॅगच्या नावातही लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं. अझूरवर नावात धरत नाहीत, मूल्यात धरतात. दोन्हीकडे सगळं लहान अक्षरांत ठेवा, भानगडच नको.

यादी काढताना 'फिल्टर्स' आणि 'क्वेरी' यांची कामं वेगळी आहेत. फिल्टर सर्व्हरवर लागतो, क्वेरी तुमच्या मशीनवर उत्तर आल्यानंतर. टॅग आणि 'रनिंग' ही अवस्था फिल्टरमध्ये द्या, आयडी तेवढे क्वेरीने उचला. आउटपुट 'टेक्स्ट' ठेवलं तर क्वेरी प्रत्येक पानावर वेगळी चालते, त्यामुळे क्वेरीतच मोजणी किंवा क्रम लावला असेल तर मशीन वाढल्यावर उत्तर चुकतं. यादी रिकामी आली तर 'स्टॉप-इन्स्टन्सेस'ला काहीच न देता हाक जाते आणि एरर येते, म्हणून आधी यादी रिकामी आहे का ते तपासा, किंवा 'एक्सआर्ग्ज' (यादी पुढच्या कमांडला देणारं लिनक्सचं साधन) वापरत असाल तर त्याला 'आर' पर्याय द्या.

'ड्राय-रन' पर्याय (प्रत्यक्ष काही न करता परवानगी तपासणारा) जरूर वापरा, पण त्याचं वागणं समजून घ्या. परवानगी असली तरी तो 'ड्रायरनऑपरेशन' नावाची एरर देतो आणि कमांड अपयशी म्हणून परतते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -ई' असेल तर ती तिथेच थांबते. एररचा मजकूर वाचून ठरवावं लागतं: 'ड्रायरनऑपरेशन' म्हणजे सगळं ठीक, 'अनऑथराइज्डऑपरेशन' म्हणजे परवानगी नाही.

परवानगीच्या बाबतीत कंजूषपणा करा. स्क्रिप्टच्या रोलला (तिला दिलेल्या परवानग्यांच्या संचाला) डिस्क्राइब, स्टार्ट आणि स्टॉप एवढंच द्या; एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा अपवाद पुढे येतो. त्यातही स्टार्ट-स्टॉपला 'शेड्यूल' टॅग असलेल्या मशीनपुरतीच अट घाला. टर्मिनेट कधीच नाही. अ‍ॅक्सेस की फाइलमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा रोल वापरा.

स्क्रिप्ट चालवायची कुठे? ऑफिसच्या पीसीवर नको. कोकणात पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, वीज जाते, फायबर तुटतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला बरेच दिवस लागले होते. ऑफिसमध्ये अंधार असताना क्लाउडवरची मशीन मात्र व्यवस्थित चालत असतात आणि त्यांचा मीटर पडत असतो. शनिवारी रात्री ८ ची एक फेरी चुकली तर सोमवारी सकाळी ९ पर्यंत ३७ तास जादा, दहा मशीन असतील तर ३७० तास. म्हणून वेळ लावणारं यंत्र क्लाउडमध्येच ठेवा. एडब्ल्यूएसवर इव्हेंटब्रिज शेड्यूलरने (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सेवा) लॅम्डा (छोटा कोड चालवणारी सेवा) उठवायचं आणि लॅम्डाने वरची यादी काढायची. या आकाराच्या कामाला त्याचा खर्च नगण्य असतो. छोट्या लिनक्स मशीनवरून क्रॉनने (लिनक्सच्या वेळापत्रकाने) चालवायचं असेल तरी चालेल, फक्त त्या मशीनला स्वतःलाच 'शेड्यूल' टॅग लागलेला नसावा.

घड्याळाकडे नीट बघा. क्लाउडवरच्या मशीनचं क्रॉन बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं. भारताची वेळ साडेपाच तास पुढे. सकाळी ९ म्हणजे यूटीसी ३:३०, रात्री ८ म्हणजे १४:३०. अझूरच्या 'एझेड व्हीएम ऑटो-शटडाउन'लाही यूटीसीच द्यावा लागतो, म्हणजे रात्री ८ साठी १४३०. त्या सोयीत बंद होणं आहे, आपोआप सुरू होणं नाही. खरी फसगत वारांची होते. आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीचा वार आदलाच असतो. सोमवारी पहाटे ५ ला मशीन सुरू करायचं असेल तर क्रॉनमध्ये रविवार २३:३० लिहावं लागतं. इव्हेंटब्रिज शेड्यूलरमध्ये 'एशिया/कोलकाता' थेट देता येतो, तो द्या आणि हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

'८ वाजता बंद कर' अशी एकदाच सुटणारी आज्ञा देण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने फिरणारी आणि 'आत्ता हे मशीन कोणत्या अवस्थेत असायला हवं?' एवढंच विचारणारी स्क्रिप्ट जास्त टिकते. एक फेरी चुकली तर पुढची दुरुस्त करते. तिला दोन जोड हव्यात. एक, सुट्ट्यांच्या तारखांची फाइल. गणपतीत आणि शिमग्याला निम्मं ऑफिस गावी असतं, तेव्हा टेस्टिंगची मशीन सकाळी उठायचं कारण नाही. दुसरी, उशिरापर्यंत काम करणाऱ्यासाठी 'तोपर्यंत चालू' असा टॅग, ज्यात तारीख आणि वेळ लिहायची. ती वेळ उलटली की स्क्रिप्टने टॅगकडे दुर्लक्ष करायचं. ही सोय नसेल तर लोक मूळ 'शेड्यूल' टॅगच काढून टाकतात, तो परत कुणी लावत नाही, आणि दोन महिन्यांत वेळापत्रक नावापुरतं उरतं.

बंद करणं सोपं आहे. वेळापत्रक लोकांच्या मनातून उतरतं ते सकाळी मशीन न उठल्यामुळे. ठरलेली कारणं अशी. अ‍ॅप्लिकेशन कधीतरी हाताने चालू केलेलं असतं, 'सिस्टिमसीटीएल इनेबल' (मशीनबरोबर तेही उठावं ही सेटिंग) केलेलंच नसतं. मशीन उठतं, अ‍ॅप उठत नाही. दुसरं, जोडलेली डिस्क 'एफएसटॅब'मध्ये (डिस्क कुठे जोडायच्या त्याची फाइल) यूयूआयडीऐवजी, म्हणजे न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाऐवजी, डिव्हाइसच्या नावाने लिहिलेली असते किंवा तिथे 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) नसतं. नाव बदललं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. तिसरं, पब्लिक आयपी बदलतो आणि कुणाच्या तरी कॉन्फिगरेशनमध्ये जुना पत्ता असतो. तिथे खाजगी पत्ता किंवा डीएनएस नाव वापरा, खाजगी पत्ता स्टॉप-स्टार्टमध्ये बदलत नाही.

चौथं कारण लवकर सापडत नाही. डिस्क स्वतःच्या केएमएस कीने (एडब्ल्यूएसच्या की सांभाळणाऱ्या सेवेतल्या कीने) एन्क्रिप्ट केलेली असते आणि स्क्रिप्टच्या रोलला 'केएमएस क्रिएटग्रँट' परवानगी नसते. मग 'स्टार्ट-इन्स्टन्सेस' यशस्वी झाल्याचं सांगतं, मशीन 'पेंडिंग'मध्ये जातं आणि गुपचूप पुन्हा 'स्टॉप्ड' होतं. 'स्टेट रीझन'मध्ये 'क्लायंट.इंटर्नलएरर' दिसलं तर पहिल्यांदा हीच परवानगी बघा. हाताने सुरू केलं की मशीन चालतं, कारण तुमच्या लॉगिनला सगळ्या परवानग्या असतात. त्यामुळे माणूस स्क्रिप्टच्या कोडमध्येच चूक शोधत बसतो.

पाचवं, जागाच नसते. मशीन थांबवलं की त्याची जागा दुसऱ्याला जाते आणि सकाळी 'इन्सफिशियंटइन्स्टन्सकपॅसिटी', अझूरवर 'अ‍ॅलोकेशनफेल्ड' अशी एरर येते. साध्या टी३ प्रकारात हे क्वचित, जीपीयू किंवा फार मोठ्या मशीनला जास्त. उपाय म्हणजे काम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी उठवणं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणं. सुरू केल्यावर 'वेट इन्स्टन्स-रनिंग'वर समाधान मानू नका, त्यात ऑपरेटिंग सिस्टिम उठली की नाही ते कळत नाही. 'वेट इन्स्टन्स-स्टेटस-ओके' वापरा. तो दर १५ सेकंदांनी ४० वेळा पाहतो, म्हणजे १० मिनिटं, आणि मग अपयश कळवतो. ते अपयश स्क्रिप्टने ईमेलवर किंवा ग्रुपवर पाठवलं पाहिजे.

रात्री चालणारी कामंही मोजा. २ वाजताचा बॅकअप ८ वाजता बंद झालेल्या मशीनवर कधीच चालत नाही आणि कुणाला कळतही नाही. तो दिवसा आणा, किंवा सिस्टिमडी टायमरला (लिनक्सची वेळ लावायची दुसरी सोय) 'पर्सिस्टंट' लावा म्हणजे उठल्यावर चुकलेलं काम होतं.

दोन ठिकाणी ही स्क्रिप्ट मुळीच लावू नका. ऑटो स्केलिंग ग्रुपमधलं (मशीनची संख्या आपोआप राखणाऱ्या गटातलं) मशीन थांबवलं तर ग्रुप त्याला आजारी समजतो, टर्मिनेट करतो आणि नवं उभं करतो. तिथे ग्रुपचीच किमान आणि हवी ती संख्या शून्यावर आणा. आणि आरडीएस (एडब्ल्यूएसची तयार डेटाबेस सेवा) वरचा डेटाबेस थांबवला तरी सात दिवसांनी आपोआप सुरू होतो. लांब सुट्टी असेल तर तो पुन्हा थांबवणारी वेगळी फेरी हवी.

तुमच्या धंद्यात रोजच्या वेळापत्रकाएवढाच मोठा पैसा हंगामात आहे. हापूसची ऑनलाइन विक्री मुख्यतः मार्च ते मे. पाऊस लागला की ती वेबसाइट नुसती उभी असते. होमस्टेचं बुकिंग दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात चढतं, जून ते सप्टेंबर बसतं. आंब्याच्या वेबसाइटचं मोठं मशीन आठ-नऊ महिने थांबवून ठेवणं पुरेसं नाही, कारण डिस्क आणि पत्ता यांचं भाडं चालूच राहतं. जूनमध्ये डेटाबेसचा डंप घ्या, मशीनची इमेज काढा, त्या इमेजवरून एकदा नवं मशीन उभं करून ते चालतंय याची खात्री करा, आणि मगच मूळ मशीन व इलॅस्टिक आयपी सोडा. 'पुढच्या हंगामात भेटू' आणि बाहेरच्या नोंदणी फॉर्मची लिंक एवढं एस३ वर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) साध्या पानाने भागतं. मागे राहिलेली जोडडिस्क विसरू नका.

जुन्या हंगामांचा नुसता डेटा असलेल्या डिस्कचे स्नॅपशॉट अर्काइव्ह स्तरावर टाकले तर साठवणीचा दर ७५ टक्क्यांपर्यंत उतरतो. पण किमान ९० दिवसांचं भाडं लागतं, परत यायला ७२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि साधे स्नॅपशॉट फक्त बदललेला भाग ठेवतात तर अर्काइव्ह केलेला पूर्ण आकाराचा होतो. रोजच्या साखळीतला एक स्नॅपशॉट उचलून अर्काइव्ह केला तर खर्च उलट वाढू शकतो. एकट्या, शेवटच्या स्नॅपशॉटलाच ते लागू पडतं.

फेब्रुवारीत परत उभं करताना घाई नको. स्नॅपशॉटवरून बनलेल्या डिस्कचा प्रत्येक भाग पहिल्यांदा वाचताना मागून आणला जातो, त्यामुळे डेटाबेस सुरुवातीला फार मंद वाटतो. गर्दी येण्याआधी 'डीडी' किंवा 'एफआयओ' या लिनक्सच्या साधनांनी सगळी डिस्क एकदा वाचून काढा. डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता लक्षात ठेवण्याचा काळ) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे नवा पत्ता लवकर पसरतो. लेट्स एन्क्रिप्टचं वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त ९० दिवसांचं, ते तोवर संपलेलं असणारच. नवं घेणं याच यादीत लिहा.

मशीनचा आकार कमी करताना हंगाम पुन्हा आडवा येतो. एडब्ल्यूएसचा कम्प्यूट ऑप्टिमायझर साधारणपणे मागच्या १४ दिवसांचा वापर बघून सल्ला देतो. ऑगस्टमध्ये विचारलं तर आंब्याचं मशीन निम्मं करा म्हणेल, आणि ते ऑगस्टपुरतं खरंच आहे. एप्रिलसाठी एप्रिलचेच आकडे बघा, सरासरीबरोबर कमाल सीपीयूही. मेमरीचा आकडा मशीनमध्ये एजंट (मोजमाप पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवल्याशिवाय मिळत नाही, आणि छोट्या वेबसाइट बहुतेक वेळा मेमरीवरच अडतात. आकार बदलायला मशीन थांबलेलं लागतं, म्हणजे रात्रीच्या बंद काळात हे काम सहज बसतं. टी३ मशीन 'अनलिमिटेड'वर असतील तर क्रेडिट (साठलेला सीपीयूचा कोटा) संपल्यावरचा जादा सीपीयू वेगळा आकारला जातो, त्यामुळे सतत ताण असलेल्या मशीनला फार लहान टी३ देणं महाग पडू शकतं.

सेव्हिंग्ज प्लॅन किंवा रिझर्व्ड मशीन सगळ्यात शेवटी. त्यात एक किंवा तीन वर्षं दर तासाला ठरलेली रक्कम देण्याचा करार असतो, मशीन रात्री बंद असलं तरी. आज सगळी मशीन चालू असताना कुणी सांगितलं म्हणून करार केला तर उद्या वेळापत्रक लावून काहीच वाचणार नाही. आधी बेवारस डिस्क आणि पत्ते, मग वेळापत्रक, मग आकार. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्री ३ वाजता जेवढा ताशी खर्च उरतो तेवढ्यावरच एक वर्षाचा करार घ्या. मार्च-मेचा चढ साध्या ताशी दराने भरणं तुम्हाला परवडतं, कारण तो तीनच महिने असतो.